दोन खात्यांची राणी

परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढताना मनात वैजनाथच असतो. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्या बीड जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण तो कोणत्या पैशातून केला, हे सहसा कोणी विचारत नाही. उभी हयात बँकेत गेल्यामुळे असेल, मला आधी तोच प्रश्न सुचतो. परळी काही होळकरांच्या राज्यात नव्हती. मग माळव्यातला पैसा इकडे आला कसा?

बाई मूळच्या आपल्याच मुलखातल्या. जुन्या चरित्रांत त्यांचे चौंडी हे गाव बीडकडचे म्हणून सांगितलेले आढळते. आज ते जामखेड तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. २०२४ मध्ये त्या जिल्ह्यालाच बाईंचे नाव मिळाले. सीनेकाठच्या या गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्या मल्हाररावांची सून होऊन गेल्या. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले झाली.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्यांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना थांबवले. लेक गेला, आता तूच माझा लेक, असे त्या विनवणीचे सार होते. मल्हाररावांनी शब्द पाळला. सुनेला त्यांनी वसुली शिकवली, पत्रव्यवहार शिकवला, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीजसुद्धा तिच्यावर सोपवली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर बसलेले मालेरावही वर्षाच्या आत गेले. राघोबादादांची नजर दौलतीवर गेली, तेव्हा बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. फौज तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार बाईंकडे, अशी वाटणी होऊन महेश्वर राजधानी झाले.

आता पैशाचे. होळकरांच्या दप्तरात दोन खाती होती: एक दौलत, दुसरे खासगी. दौलत म्हणजे सरकारचा वसूल. तो फौजेला आणि कारभाराला. खासगीची गावे १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे दिली होती. १७६१ मध्ये सासूबाई गेल्यावर ती सुनेकडे आली. काशीविश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा हा दानधर्म या खासगीच्या बळावर उभा राहिला. म्हणूनच तो होळकरांच्या सीमेत अडकला नाही. रयतेने भरलेला सारा रयतेच्या कामी आणि देवाधर्माचा खर्च आपल्या पदरचा, ही रेघ त्यांनी नीट सांभाळली. ज्यांच्या हातून दुसऱ्यांचा पैसा गेला आहे, त्यांना ती रेघ किती निसरडी असते ते माहीत असते.

बाईंच्या पश्चात पंचवीसेक वर्षांनी माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात त्यांच्या आठवणी गोळा केल्या. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणी घेऊन माणसे रस्त्यावर उभी असत. नांगराच्या बैलांनाही पाणी पाजले जाई. शेतकरी पाखरे हाकलतो म्हणून पाखरांसाठी वेगळी शेते घेतलेली असत. निपुत्रिक सावकाराच्या विधवेचे धन सरकारजमा करण्याची संधी कारभाऱ्यांनी दाखवली, तर बाईंनी तिला दत्तक घेऊ दिला आणि धन तिचे तिलाच ठेवले. वैधव्य म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

इतका चोख कारभार. पण घरचा हिशेब मात्र कधी जमला नाही. नातू नथोबा ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पाया पडून विनवले. एकटी ठेवून जाऊ नकोस म्हणून आर्जवे केली. पण आई म्हातारी, तिचे दिवस थोडे. पुढचे लांबलचक एकटेपण मुलीला नको होते. शेवटी सहासष्ट वर्षांच्या बाई नर्मदाकाठी चितेसमोर उभ्या राहिल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा दोघा ब्राह्मणांना त्यांचे हात धरून ठेवावे लागले. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, शब्द काढला नाही.

इथे मला थांबायला होते. बाईंच्या हाती सत्ता होती. हुकूम सोडून चिता विझवता आली असती. पण ज्या धर्मश्रद्धेने काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांचे हात मोकळे केले, तिनेच त्या दिवशी ते बांधले. त्यांना मल्हाररावांनी थांबवले तेव्हा पुढे करायला एक काम होते, एक राज्य होते. मुक्ताबाईपुढे तसे काही ठेवता आले नाही. बाईंना देवी करून टाकणारे आपण हा प्रसंग घाईघाईने उरकतो. मला वाटते, तो वगळला तर बाई समजतच नाहीत.

त्यानंतरही चार वर्षे त्या दरबारात बसत राहिल्या, फिर्यादी ऐकत राहिल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात त्यांनी देह ठेवला.

परळीला गेलात तर दर्शन घेऊन झाल्यावर क्षणभर सभामंडपात टेका. या देवळामागे एका बाईची स्वतःची पुंजी आहे, आणि तिच्या दुःखाचा आकडा कुठल्याच खात्यात मांडलेला नाही.