पानाच्या कामाचा हिशेब ठेवणारे जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस म्हटले की झाडाला जीव असतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ, एवढेच आपल्याला आठवते. झाडाला जीव आहे हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते. सांजवेळी ती तुळशीचे पान तोडू देत नसे. शेतीच्या उपयोगाचे बोस वेगळेच आहेत.

त्यांचा जन्म पूर्व बंगालात, ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील मोठे सरकारी अधिकारी, तरी पोराला इंग्रजी शाळेत न घालता गावच्या बंगाली शाळेत घातले. तिथे शेजारी कोळ्याचा पोरगा बसे. पुढे इंग्लंडात शिकून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रजांपेक्षा पगार कमी लावला म्हणून तीन वर्षे रोज शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने मागचा सारा पगार पुरा दिला. १९१७ साली त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली.

आता मुद्द्याचे. पान ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन साखर बनवते आणि प्राणवायू सोडते. हेच प्रकाशसंश्लेषण. साखर डोळ्यांना दिसत नाही, पण प्राणवायू मोजता येतो. बोसांनी तलावात वाढणारी हायड्रिला ही पाणवनस्पती काचेच्या भांड्यात ठेवली. प्राणवायूचा बुडबुडा सुटला की पाऱ्याचा थेंब हले, विजेचा प्रवाह जुळे, घंटी वाजे आणि कागदावर खूण उमटे. ऊन चांगले असले की घंट्या भराभर, ढग आला की रेंगाळत. यावर त्यांचे पुस्तक १९२४ साली निघाले. अशी नाजूक यंत्रे त्यांनी इथल्याच कारागिरांकडून करवून घेतली, हे विशेष.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळ्या रीतीने काम करते. कित्येक दशकांनी शास्त्रज्ञांना कळले की उष्णतेत ती ज्वारी-मक्याच्या पद्धतीकडे वळते. ज्वारी, मका उन्हात जोमाने साखर बनवतात. गहू आणि धानाला ती सोय नाही. म्हणून नागपूरच्या मार्चमधल्या उन्हात उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा बारीक राहतो.

बोस २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह येथे वारले. आज संशोधक पान चिमट्यात धरून ते किती कार्बन डायऑक्साईड घेते हे जागेवरच मोजतात. पाणी कमी पडले की पान आपली छिद्रे मिटते आणि आकडा खाली येतो; पान पिवळे पडायच्या कितीतरी आधी! यंत्र लाखांचे आहे, तुम्ही घेऊ नका. पण डोळ्याला दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेले असते, एवढे त्यावरून समजून घ्या. ओलिताचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, आणि पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचे पाणी, पीक हिरवेगार दिसले तरी, चुकवू नका.