न पाहता आकार तपासणारा हिशेब

लेओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा. पण गणितज्ञ योहान बर्नुली यांनी मुलाची चमक ओळखली आणि वडिलांचे मन वळवले. विसाव्या वर्षी ऑयलर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत आले. त्यांना देऊ केलेली जागा शरीरक्रियाशास्त्राची होती. काम मात्र गणिताचेच झाले.

१७३५ मध्ये ते जीवघेण्या तापातून वाचले. पुढच्या तीनेक वर्षांत उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला. नकाशांच्या बारीक कामामुळे हे झाले, असे ते स्वतः मानत.

पुढे बर्लिनमध्ये असताना, १७५० मध्ये, त्यांनी एक साधा नियम मांडला. घनाकृतीच्या शिरोबिंदूंतून कडा वजा करा आणि पृष्ठे मिळवा. उत्तर २ येते. ठोकळ्याचे पाहा : ८ वजा १२ अधिक ६. आरपार एक भोक असेल तर उत्तर ० येते, हे नंतरच्या गणितज्ञांनी दाखवले.

आज सीटी स्कॅनवरून मणक्याची प्रतिकृती करताना हा हिशेब उपयोगी पडतो. स्कॅन म्हणजे व्हॉक्सेल नावाच्या चिमुकल्या ठोकळ्यांची रास. संगणक तिच्या पृष्ठभागावर त्रिकोणांची जाळी बसवतो. त्रिकोण लाखांच्या घरात जातात, म्हणून ते कमी करावे लागतात. त्यासाठी एखादी कड मिटवून तिची दोन टोके एकत्र आणतात. १ शिरोबिंदू, ३ कडा आणि २ त्रिकोण जातात. उत्तर तेच राहते. मणक्याच्या जाळीचे उत्तर ० वरून २ झाले, तर मज्जारज्जूची वाट प्रतिकृतीत बुजली, असा तो इशारा असतो. संगणकाला मणका दिसत नाही. तो फक्त मोजतो.

ऑयलर यांच्यावरही न पाहता काम करण्याची वेळ आली. १७६६ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला परतले आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आढळला. १७७१ मधील शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस दिसू लागले. मग जंतुसंसर्गाने तोही डोळा गेला. निर्जंतुक उपकरणे आणि प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच. तरी मनात गणित करून, मुलांना व सहकाऱ्यांना सांगून ते लिहवून घेत राहिले. त्यांचे जवळपास निम्मे लेखन याच काळातले आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेची चर्चा त्यांच्याकडे रंगली होती.