शोकाचा जमाखर्च

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला आणि सारे वऱ्हाड पोरके झाले. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा उणापुरा पंधरवडा लोटला होता.

शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीचे पितृछत्र दारूने हिरावले. दापुऱ्यास मामांच्या शेतात तो राबला. परंतु ती जमीनही सावकाराच्या घशात गेली. ऋण म्हणजे काय, हे शिकण्यासाठी त्याला ग्रंथाची गरज उरली नाही. १९०५ मध्ये गृहत्याग केल्यानंतर बाबांनी कीर्तनांतून आयुष्यभर हाच व्यवहार सांगितला: लग्न, नवस वा तेरवी यांसाठी कर्ज काढू नये, तो पैसा मुलांच्या शिक्षणास लावावा. लोकांच्या देणग्यांतून मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, तथापि त्यांचे स्वतःचे कुटुंब झोपडीतच राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली.

आपल्यामागे मूर्ती वा मंदिर उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. लोकांच्या प्रेमाने ती मानली नाही. अमरावतीत समाधिमंदिर झाले. प्रेमाचा हा अपराध क्षम्य आहे. परंतु त्याच समाधीपुढे डोळे पुसणारा माणूस, शेतकरी असो वा नोकरदार, गावाच्या लाजेखातर वडिलांच्या तेरवीसाठी कर्ज काढणार असेल, तर तो शोक व्यर्थ होय. न काढलेले कर्ज आणि शाळेत धाडलेले मूल, हेच बाबांचे खरे श्राद्ध.