अझुसा रस्त्यावरचा पाळक

लॉस एंजेलिस शहरात ‘लिट्ल टोकियो’ नावाची जुनी जपानी वस्ती आहे. तिच्यातील अझुसा स्ट्रीट ही एक आखूड गल्ली. शंभर वर्षांपूर्वी या गल्लीच्या आसपास तबेले, लाकडाच्या वखारी आणि गोदामे होती. येथील 312 क्रमांकाच्या एका पडक्या इमारतीत 1906 च्या एप्रिल महिन्यात उपासना सुरू झाली आणि पुढील सुमारे तीन वर्षे ती जवळजवळ अखंड चालली. आज ती इमारत उभी नाही. परंतु जगभरातील कोट्यवधी पेंटेकॉस्टल ख्रिस्ती आपल्या पंथाचा उगम सांगताना या गल्लीचे नाव घेतात. या मंडळीचे पाळक होते विल्यम जोसेफ सेमूर. एका डोळ्याने अंध असलेले, मितभाषी, औपचारिक शिक्षण बेताचेच लाभलेले आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले हे गृहस्थ. त्यांनी उभे केलेले कार्य जगभर पसरले आणि त्यांच्या हयातीतच त्यांच्या हातून निसटले. त्यांचे चरित्र म्हणजे या दोन्ही गोष्टींची कथा आहे.

सेमूर यांचा जन्म 2 मे 1870 रोजी लुइझियाना राज्यातील सेंटरव्हिल येथे झाला. हा उसाच्या मळ्यांचा प्रदेश. वडील सायमन यांनी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात नोकरी केली होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण मळ्यातील कष्ट आणि दारिद्र्य संपले नव्हते. बालपणी सेमूर यांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला. 1891 मध्ये वडील वारले. दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय तरुणांप्रमाणे सेमूर यांनीही उत्तरेची वाट धरली. इंडियानापोलिस येथे त्यांनी हॉटेलांत वाढप्याचे काम केले आणि तेथेच मेथॉडिस्ट मंडळीत त्यांची श्रद्धा दृढ झाली. पुढे सिनसिनाटी शहरात ‘होलिनेस’ पंथाच्या, म्हणजे पवित्र जीवनावर भर देणाऱ्या ख्रिस्ती गटांच्या सहवासात ते आले. त्या काळात वर्णभेद न मानणाऱ्या मोजक्या ख्रिस्ती गटांत यांतील काही जण होते.

धर्मोपदेशक व्हावे असे त्यांना आतून वाटत होते. परंतु ते पाऊल उचलण्यास मन धजत नव्हते. अशा अवस्थेत त्यांना देवीचा आजार झाला. आजारातून ते वाचले, पण डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. ते झाकण्यासाठी त्यांनी पुढे दाढी राखली. हाक ऐकूनही आपण चालढकल केली म्हणून हे घडले, असे त्यांनी मनाशी मानले. या समजुतीशी आपण सहमत असू वा नसू. त्यानंतर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

1903 च्या सुमारास ते टेक्सासमधील ह्यूस्टन येथे आले. तेथे ल्यूसी फॅरो या गुलामगिरीत जन्मलेल्या महिला एका लहानशा कृष्णवर्णीय मंडळीच्या प्रमुख होत्या. 1905 मध्ये चार्ल्स पारहॅम या गौरवर्णीय धर्मोपदेशकाच्या कुटुंबात मुलांच्या देखभालीचे काम स्वीकारून त्या कॅन्ससला गेल्या आणि आपल्या मंडळीची जबाबदारी त्यांनी सेमूर यांच्याकडे सोपवली. पारहॅम यांची शिकवण त्या काळी वादग्रस्त होती. बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्य पवित्र आत्म्याने भरून अन्य भाषांत बोलू लागल्याचे वर्णन आहे. हाच अनुभव आजही मिळू शकतो आणि अन्य भाषांत बोलणे ही त्याची खूण आहे, असे पारहॅम सांगत.

1906 च्या आरंभी पारहॅम यांनी ह्यूस्टनमध्ये बायबलचे वर्ग चालवले. सेमूर यांना तेथे शिकायचे होते. परंतु टेक्सासमध्ये वर्णविभाजनाचे नियम कडक होते. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसण्याची कृष्णवर्णीय माणसाला मुभा नव्हती. तोडगा निघाला तो असा : वर्गाचे दार किलकिले ठेवायचे आणि सेमूर यांनी बाहेर बसून ऐकायचे. काही आठवडे त्यांनी याच रीतीने शिक्षण घेतले. वर्गात काय शिकवले गेले, हे ते आयुष्यभर विसरले नाहीत. आणि आपण कोठे बसलो होतो, हेही बहुधा विसरले नसावेत.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसहून त्यांना बोलावणे आले. तेथे ज्युलिया हचिन्स या महिलेने बाप्टिस्ट चर्चपासून अलग होऊन सांता फे रस्त्यावर एक छोटी मंडळी उभी केली होती आणि तिला पाळक हवा होता. 22 फेब्रुवारी 1906 रोजी सेमूर तेथे पोहोचले. पहिल्या काही प्रवचनांतच त्यांनी अन्य भाषांविषयीची शिकवण मांडली. विशेष म्हणजे हा अनुभव तोवर त्यांना स्वतःला आलेला नव्हता, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. हचिन्सबाईंना ही शिकवण मान्य नव्हती. काही दिवसांतच सेमूर उपासनेसाठी गेले, तो दाराला कुलूप. अनोळखी शहर, परतीच्या प्रवासापुरतेही पैसे नाहीत, आणि ज्या मंडळीसाठी आलो तिचेच दार बंद.

येथे त्यांच्या स्वभावाचा कस लागला. त्यांनी वाद घातला नाही आणि फूट पाडण्यासाठी प्रचारही केला नाही. एडवर्ड ली या झाडलोटीचे काम करणाऱ्या गृहस्थाने त्यांना घरात आसरा दिला. तेथे ते प्रार्थनेत दीर्घ काळ घालवू लागले. मोलमजुरी करणारी शेजारची माणसे, कपडे धुऊन पोट भरणाऱ्या स्त्रिया त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसू लागल्या. घर अपुरे पडू लागले तेव्हा ही प्रार्थनासभा बॉनी ब्रे रस्त्यावरील अ‍ॅसबेरी दांपत्याच्या घरी भरू लागली. 9 एप्रिल 1906 रोजी ली आणि त्यांच्यापाठोपाठ इतर काही जण अन्य भाषांत बोलू लागले. तीन दिवसांनी सेमूर यांनाही तो अनुभव आला. बातमी वाऱ्यासारखी पसरली. घराच्या ओसरीवर उभे राहून सेमूर रस्त्यावरील जमावापुढे बोलू लागले. गर्दीच्या भाराने ती ओसरी खचल्याचे सांगतात.

मोठ्या जागेचा शोध अझुसा स्ट्रीटवर संपला. ती इमारत पूर्वी कृष्णवर्णीय मेथॉडिस्टांचे चर्च होती. नंतर तिचा तबेला आणि गोदाम झाले. भाडे महिन्याला आठ डॉलर. तळमजला झाडून घेतला, खिळ्यांच्या रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून बाके केली आणि लाकडी खोकी एकमेकांवर ठेवून व्यासपीठ तयार झाले. बाके या व्यासपीठाभोवती मांडलेली असत, त्यामुळे पुढच्या मानाच्या रांगा आणि मागच्या रांगा असा भेद उरला नाही. सभा चालू असताना सेमूर पुष्कळदा वरच्या खोक्यात डोके घालून प्रार्थना करीत बसत. प्रवचन कोणी करावे, साक्ष कोणी द्यावी हे आधी ठरलेले नसे. दिवसातून तीन उपासना होत आणि एक संपण्याआधीच दुसरी सुरू होई. वर्गणीसाठी थाळी फिरत नसे; दाराजवळ एक पेटी असे. माडीवर आजाऱ्यांसाठी व शोकग्रस्तांसाठी प्रार्थना चाले. दूरदूरची माणसे पत्राने प्रार्थनेची विनंती करीत, काही जण रुमाल पाठवीत. त्यांवर प्रार्थना करून ते परत पाठवले जात.

18 एप्रिल रोजी शहरातील एका प्रमुख दैनिकाने या सभांची खिल्ली उडवणारा वृत्तांत छापला. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भीषण भूकंप झाला होता. भयभीत झालेली आणि केवळ कुतूहलाने आलेली माणसे अझुसा स्ट्रीटकडे लोटू लागली. टीकाकारांना सर्वाधिक खटकली ती अन्य भाषांची नव्हे, तर तेथील सरमिसळीची गोष्ट. गोरे, काळे, मेक्सिकन, आशियाई. मालकीण आणि मोलकरीण एकाच फळीवर गुडघे टेकत होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या हत्या केल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या दृश्याचे मोल कळते. सेमूर यांच्या वडीलमंडळात दोन्ही वर्णांचे स्त्री-पुरुष होते. उत्तर कॅरोलिनातून आलेले गॅस्टन कॅशवेल हे गोरे धर्मोपदेशक कृष्णवर्णीयांनी आपल्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी या कल्पनेनेच अस्वस्थ झाले होते. पुढे त्यांनी स्वतःच तशी विनंती केली आणि परतून दक्षिणेत ही चळवळ रुजवली. सेमूर यांना कुलूप दाखवणाऱ्या ज्युलिया हचिन्सही अझुसा स्ट्रीटवर आल्या आणि तेथूनच मिशनरी म्हणून लायबेरियाला गेल्या. जुना हिशेब सेमूर यांनी काढला नाही.

सप्टेंबर 1906 पासून मंडळीचे वृत्तपत्र निघू लागले. ते मोफत वाटले जाई आणि त्याच्या प्रती हजारोंनी देशोदेशी जात. भारतातील जागृतीच्या वार्ताही त्यात येत. येथे महाराष्ट्राचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. अझुसाच्या आधी, 1905 च्या जून महिन्यात, पुण्याजवळील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधील मुलींत अशीच प्रार्थनेची लाट उसळली होती. त्यामुळे या चळवळीचे उगमस्थान एकटे लॉस एंजेलिसच, असे म्हणता येत नाही. केडगावच्या कार्यकर्त्या मिनी अ‍ॅब्रम्स यांच्या पुस्तिकेने पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशातही ठिणगी पाडली. अझुसाहून आल्फ्रेड व लिलियन गार हे दांपत्य कोलकात्याला आले. आपल्याला बंगाली भाषेचे वरदान लाभले आहे अशी गार यांची समजूत होती; ती प्रत्यक्षात फोल ठरली. उत्साहाच्या भरात केलेली अशी अनुमाने चळवळीला वास्तवाची जाणीव करून देत होती.

खरा आघात झाला तो आतून. ऑक्टोबर 1906 मध्ये सेमूर यांनी आपले गुरू पारहॅम यांना मोठ्या आदराने बोलावले. तेथील भावनावेग आणि विशेषतः गोऱ्या-काळ्यांचे एकत्र येणे पाहून पारहॅम संतापले आणि त्यांनी व्यासपीठावरूनच निषेध केला. वडीलमंडळाने त्यांना निघून जाण्यास सांगितले. मे 1908 मध्ये सेमूर यांनी जेनी मूर या सहकारी महिलेशी विवाह केला. तो काही सहकाऱ्यांना रुचला नाही. वृत्तपत्राचे काम पाहणाऱ्या क्लारा लम ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडला निघून गेल्या आणि वाचकांच्या पत्त्यांची यादी त्यांच्याबरोबर गेली. जगाशी जोडणारा धागा एका फटक्यात तुटला. 1911 मध्ये सेमूर दौऱ्यावर असताना विल्यम डरहॅम या प्रभावी वक्त्याने त्यांचे व्यासपीठ गाजवले आणि वेगळी शिकवण मांडली. परत आल्यावर समजावणी निष्फळ ठरली, तेव्हा सेमूर यांनी दाराला कुलूप घातले. पाच वर्षांपूर्वी ज्या कृतीचा घाव त्यांनी सोसला होता, तीच करण्याची वेळ त्यांच्यावर आली. डरहॅम यांच्यामागे बहुसंख्य लोक निघून गेले.

1915 मध्ये सेमूर यांनी मंडळीची नियमावली प्रसिद्ध केली. पुढारीपण कृष्णवर्णीयांकडेच राहावे, असे तीत म्हटले होते. सर्वांसाठी दार उघडे ठेवणाऱ्या माणसाने ही अट घालावी, याचा विषाद वाटतो. पण त्यामागील अनुभवही नजरेआड करता येत नाही. गोऱ्यांना सदस्यत्वाची बंदी मात्र नव्हती. केवळ अन्य भाषांत बोलणे ही आत्म्याच्या वास्तव्याची पुरेशी खूण नव्हे, ती प्रेमाने वागण्यात दिसली पाहिजे, या मतावर ते आता स्थिर झाले होते. ज्यांच्या तोंडी अद्भुत भाषा होत्या, त्यांनीच सहकाऱ्याचा वर्ण पाहिला, हे त्यांनी जवळून अनुभवले होते.

28 सप्टेंबर 1922 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मंडळी तोवर मूठभर उरली होती. जेनी यांनी ती पुढे सांभाळली. 1931 मध्ये इमारत पाडली गेली आणि 1936 मध्ये जेनीही निवर्तल्या. पंथाच्या इतिहासात अनेक दशके सेमूर यांचे नाव दुय्यम राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी त्यांचे श्रेय त्यांना परत दिले आणि 2006 च्या शताब्दीला जगभरातून हजारो लोक लॉस एंजेलिसमध्ये जमले.

या चळवळीच्या श्रद्धा सर्वांना पटतील असे नाही. चमत्कारांच्या दाव्यांची चिकित्साही झालीच पाहिजे. पण वर्गाबाहेर बसवलेल्या एका माणसाला जेव्हा स्वतःची मंडळी मिळाली, तेव्हा त्याने कोणालाही दाराबाहेर बसवले नाही. ती मंडळी मोजकीच वर्षे टिकली. तेवढ्या अवधीत, ज्यांना कायद्याने एका वर्गात बसता येत नव्हते, ती माणसे त्या गोदामातल्या फळ्यांवर शेजारी-शेजारी बसून गेली. सेमूर यांच्या पाळकपणाची खरी कमाई हीच आहे.