चांदबीबी : दोन्ही घरी परकी

बाहेरगावचा पाहुणा नगरला आला, की आपण त्याला हमखास दोन ठिकाणी नेतो. एक भुईकोट किल्ला आणि दुसरा डोंगरावरचा चांदबीबीचा महाल. प्रथम वर्षाला असताना आमच्या वर्गाची सहल त्या महालावर गेली होती. डबे उघडून सगळे सावलीला बसलो, तेव्हा सरांनी सांगितले, की हा महाल चांदबीबीचा नव्हे. ही मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. आम्ही सगळेच हिरमुसलो. खाली उतरताना एका मैत्रिणीने सरांना विचारले, की मग चांदबीबीची कबर कुठे आहे? सर म्हणाले, ती नगरात नाही. ती मोगलांशी लढली एवढेच आम्हाला शाळेपासून ठाऊक होते. तटाला पडलेले खिंडार आणि त्यात तलवार उपसून उभी राहिलेली राणी, हे चित्र डोळ्यांपुढे होते. पण तिला मारले ते मोगलांनी नव्हे. ज्यांच्यासाठी ती लढली त्या नगरच्याच माणसांनी तिच्या महालात घुसून तिला ठार केले. हे कळल्यापासून तिचे चरित्र जमेल तसे वाचत गेले. या लेखात ते थोडक्यात सांगायचे आहे, आणि एका प्रश्नाच्या अंगाने सांगायचे आहे : एवढा द्वेष तिच्या वाट्याला का आला?

चांदबीबीचा जन्म इ. स. १५५० च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा आणि आई खुंजा हुमायूं. या आईची हकीगत आधी सांगितली पाहिजे, कारण लेकीच्या आयुष्याची ती जणू पहिली आवृत्तीच आहे. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तझा गादीवर बसला, आणि राज्य खुंजा हुमायूंने पाच-सहा वर्षे चालवले. तिने आपल्या भावांना मोठाली पदे दिली, हे खरे आहे. ते काही भूषणावह नव्हते. परंतु त्या काळी कोणत्या वजिराने आपल्या सोयऱ्यांना पदे दिली नाहीत? सरदारांनी मुर्तझाचे कान भरले आणि मुलाने आईला कैदेत टाकले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित आहे. त्यातील चित्रांत राजा सिंहासनावर बसलेला आहे आणि त्याच्या शेजारी राणी. पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांतली राणीची आकृती पुसून टाकली. राजा शाबूत आहे, सिंहासन शाबूत आहे, दरबारी शाबूत आहेत. राणीच्या जागी मात्र डाग उरला आहे. नुसती सत्ता काढून घेऊन समाधान होत नाही, चित्रातली बाईसुद्धा डोळ्यांत सलते, असा हा प्रकार.

चांदबीबीचे लग्न म्हणजे आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तसे होते. विजयनगरविरुद्ध सुलतानांची एकजूट व्हावी म्हणून ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली आणि अलीची बहीण मुर्तझाला. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले होते, तो किल्ला तिच्याबरोबर हुंड्यात गेला. दोन घरे सांधण्यासाठी ज्या मुलीचा सांधा म्हणून उपयोग केला, तिच्यावर पुढे आयुष्यभर आरोप झाला तो दोन घरांशी संधान बांधल्याचा.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याचे संगोपन चांदबीबीकडे सोपवण्यात आले. कारभार कामिलखानाच्या हाती होता. तो तिला मोजीना, तेव्हा तिने किश्वरखानाला पुढे करून त्याला दूर केले. किश्वरखान वर चढला तो तिच्या शब्दावर. पण थोड्याच दिवसांत तोही शिरजोर झाला. तिने विरोध करताच त्याने हूल उठवली, की ही आपल्या भावाला, नगरच्या निजामशहाला, विजापूरवर बोलावते आहे. नगरची फौज त्या वेळी खरोखरच आदिलशाहीवर चालून आली होती. त्यामुळे आरोप पटायला वेळ लागला नाही. राजाच्या चुलतीला जनानखान्यातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत धाडले. किश्वरखानाचे दिवसही लवकरच भरले. हबशी सरदारांनी त्याला हुसकले आणि चांदबीबीला सन्मानाने परत आणले. तो पळाला तो थेट नगरला, ज्या नगरशी फितूर असल्याचा ठपका त्याने तिच्यावर ठेवला होता तिथेच आश्रय मागायला! नगरने त्याला थारा दिला नाही. पुढे गोवळकोंड्यात तो मारला गेला.

१५८४ च्या सुमारास इब्राहीमच्या बहिणीचे लग्न नगरच्या राजपुत्राशी झाले, तेव्हा तिच्याबरोबर चांदबीबी माहेरी आली. माहेराची अवस्था काय होती? मुर्तझाला लोक दिवाणा म्हणत. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याला मारले, आणि त्यानंतरच्या सात वर्षांत चार राजे आले नि गेले. दखनी, हबशी, परदेशी असे सरदारांचे तट एकमेकांच्या जिवावर उठले होते. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि एकाच वेळी निरनिराळे तट निरनिराळे वारस घेऊन उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाचा बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसवला. तो निजामशाही रक्ताचा नाहीच असे नंतर निघाले. इखलासखानाने आणखी एक मुलगा शोधून आणला. अहंगखानाने बुऱ्हाण निजामशहाचा म्हातारा मुलगा पुढे केला. चांदबीबी मात्र मेलेल्या राजाच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या, बाजूने होती. ते मूल जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवलेले होते.

आता पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. मियाँ मंजूने आपला तट हरतो आहे असे पाहून गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहाजादा मुरादला, मदतीला बोलावले. मोगलांना नगरची वाट दाखवली ती मियाँ मंजूने. मोगल खरोखरच आले तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला. त्याने किल्ला अन्सारखानाच्या ताब्यात दिला आणि स्वतः औश्याकडे निघून गेला. पण म्हणून त्याच्या वाड्यावर कुणी चालून गेले नाही.

चांदबीबीने अन्सारखानाला ठार करवले आणि किल्ला हाती घेतला. हे कृत्य गोड नव्हे. तिच्या चरित्रकारांनी ते झाकू नये. बहादूरच्या नावाने द्वाही फिरली. डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान अब्दुल रहीम यांच्या फौजांनी किल्ल्याला वेढा घातला. या दोघांचे आपसात पटत नव्हते, आणि हे आतल्या लोकांच्या पथ्यावर पडले. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. बत्ती द्यायच्या आदल्या रात्री मोगलांच्या छावणीतील ख्वाजा मुहम्मदखान शिराझी याने जिवावर उदार होऊन किल्ल्यात खबर पोहोचवली. रातोरात आतून उलट खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर माणसे काम करीत असतानाच तो उडाला. फेब्रुवारी १५९६ चा तो दिवस. पन्नासेक यार्ड तट आकाशात गेला आणि रक्षक खिंडार सोडून पळू लागले. तेव्हा ती अंगावर चिलखत, तोंडावर पडदा आणि हातात उपसलेली तलवार अशी खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. दिवस मावळेपर्यंत मोगलांना आत पाऊल टाकता आले नाही, आणि रात्रीतून तिने भिंत पुन्हा उभी करवली. गोळे संपल्यावर तोफांतून तांब्याची, चांदीची नि सोन्याची नाणी उडवली, अशी कथा सांगतात. त्या दिवसापासून लोक तिला चांदसुलताना म्हणू लागले.

आपल्या पाठ्यपुस्तकातली चांदबीबी इथे संपते. परंतु पुढे काय झाले? मोगलांची रसद तुटत आली होती, विजापूरची कुमक वाटेवर होती, आणि किल्ल्यातही दाणागोटा फार नव्हता. तिने तह केला. वऱ्हाड अकबराला दिला आणि त्याच्या बदल्यात बहादूरचे राज्य मान्य करून घेतले. एक आख्खा प्रांत गेला, तरी त्या वेळी तिला कुणी फितूर म्हटले नाही. सगळ्यांचे प्राण वाचले होते ना!

तिने मुहम्मदखानाला पेशवा नेमले. तो उलटला. तिने विजापूरहून मदत मागवली, तेव्हा त्याने मोगलांकडे पत्रे धाडली. त्याला काढून अहंगखानाला नेमले. तोही उलटला. बहादूरला ताब्यात घेऊन तिला कैदेत टाकायचा त्याचा बेत होता. तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, तर तिच्याच पेशव्याने तिला वेढा घातला. विजापूरचा किश्वरखान आठवा. जिने ज्याला वर काढले, तोच तिचा सर्वांत कडवा वैरी झाला, आणि हे एकदा नव्हे, तीनदा घडले. पुरुषाच्या मर्जीने पद मिळाले तर माणूस त्याला इमान म्हणतो, मिरवतो. बाईच्या मर्जीने मिळालेले पद मात्र त्याला आतून टोचत राहते, आणि त्या टोचणीचा सूड तो तिच्यावरच उगवतो, असे मला वाटते.

मी ज्या गावची, तिथल्या एका ग्रामसभेचा प्रसंग इथे आठवतो. महिला सरपंच होत्या. नळाची लाईन आधी कोणत्या वस्तीला द्यायची, हा वाद होता. आमच्याकडे असे वाद दर उन्हाळ्यात होतात. पुरुष सरपंच असताना तर एकदा खुर्च्याही उडाल्या होत्या. पण त्याला लबाड म्हणाले, चोर म्हणाले. तू कोणत्या गावचा, असे कुणी विचारले नव्हते. या बाईंना मात्र मागून आवाज आला, की हे उद्योग तुमच्या माहेरी जाऊन करा. त्यांच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. सभा हसली. हसणाऱ्यांत बायकाही होत्या, आणि खरे सांगायचे तर मीही होते.

विजापुरात चांदबीबी नगरची ठरली. नगरात ती विजापूरची ठरली, कारण मदत मागितली ती सासरकडे. माहेर आणि सासर अशी दोन घरे असलेल्या बाईचे इमान नक्की कुठे, ही शंका तिच्या शत्रूंना आयती मिळाली. दिल्लीच्या रझियाला एका हबशी अधिकाऱ्याचे नाव चिकटवून बदनाम केले. चांदबीबी विधवा, प्रौढ आणि करारी. तिथे तसले काही चालले नसते. तिच्यासाठी फितुरीचा संशय पुरेसा होता.

१५९९ मध्ये मुराद मेला. त्याच्या जागी शहाजादा दानियाल आला आणि पाठोपाठ स्वतः अकबर बुऱ्हाणपुरास येऊन बसला. अहंगखान घाटात मोगलांना अडवायला गेला आणि न लढताच जुन्नरकडे पळाला. १६०० मध्ये किल्ल्याला पुन्हा वेढा पडला. आता विजापूरची कुमक येणार नव्हती. सरदारांत एकी नव्हती. तिने जीताखान नावाच्या खोजा सरदाराला बोलावून आपले मत सांगितले : किल्ला मोगलांना द्यावा, आतल्या लोकांच्या जीविताची हमी घ्यावी आणि बालराजाला घेऊन जुन्नरला जाऊन राज्य टिकवावे. जीताखान बाहेर पडला आणि चांदबीबी मोगलांना फितूर झाली, असे रस्त्यातून ओरडत सुटला. जमाव महालात शिरला आणि तिला तिथेच मारले.

आरोप निखालस खोटा होता काय? अबुल फझलच्या लेखनात तिचे आपल्याशी बोलणे झाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ती वाटाघाटी करीत होती, यात शंका नाही. पण १५९६ मध्ये तिने हेच केले होते. तिच्यानंतर नगरची निजामशाही सावरणाऱ्या मलिक अंबरने १६१७ मध्ये हाच किल्ला शहाजादा खुर्रमच्या हवाली केला. त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मुत्सद्द्याला तह करावाच लागतो. तिचा तह मात्र महालातल्या बाईने पडद्याआड केलेला, खोजाच्या तोंडून बाहेर आलेला. पडद्याची सक्ती तिच्यावर समाजाची, आणि पडद्याआड काय शिजते हा संशयही समाजाचाच.

आपल्याच जिल्ह्यातील चौंडीची लेक अहिल्याबाई हिच्या वाट्यालाही हे आले होते. मुलगा मालेराव १७६७ मध्ये वारल्यावर गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि राघोबादादा यांना तिच्या हातची सत्ता सहन झाली नाही. पण तिच्या पाठीशी थोरला माधवराव पेशवा होता आणि तुकोजी होळकरासारखा आज्ञेत राहणारा सेनापती होता. २०२४ मध्ये जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. चांदबीबीला ना तसा पेशवा मिळाला ना तसा तुकोजी. गुणांत ती उणी होती असे मला तरी दिसत नाही.

तिला मारून किल्ला वाचला नाही. थोड्याच दिवसांत सुरुंग उडाले आणि ऑगस्ट १६०० मध्ये मोगल आत शिरले. जी हमी ती मागणार होती ती आता कुणी मागायला उरले नव्हते. आतल्या लोकांची कत्तल झाली. बहादूरला बुऱ्हाणपुरास अकबरापुढे नेले आणि तिथून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. बागेसाठी खणताना त्यांना जुन्या भिंतींचे अवशेष सापडले, आणि तिथे लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या राणीची आठवण काढली आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या सहलीतल्याच दोघी मैत्रिणींबरोबर मी पुन्हा डोंगरावर गेले होते. एक आजी नातवंडांना घेऊन वर आल्या होत्या. चांदबीबी इथून विजापूरची वाट बघायची, असे त्या मुलांना सांगत होत्या. ही कबर सलाबतखानाची आहे, असे त्यांना सांगावे म्हणून मी पुढे झाले, पण सांगितले नाही.