विश्लेषण : हँडरोलमधली कुरकुरीत नोरी कुणामुळे वाचली? जपान जिला ‘समुद्राची माता’ मानतो, ती ब्रिटिश शास्त्रज्ञ कोण?

जपानी हँडरोल आता जगभरातल्या मोठ्या शहरांत खाल्ला जातो. त्याचे वेष्टण म्हणजे नोरी हे समुद्री शेवाळ. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी जपानमधली नोरीची शेती कोलमडण्याच्या बेतात होती. ती सावरली मँचेस्टरमधल्या एका महिला शास्त्रज्ञाच्या संशोधनामुळे. लग्न केले म्हणून विद्यापीठाने तिची नोकरी काढून घेतली होती. कॅथलीन ड्रू-बेकर यांच्या आयुष्याची ही कहाणी...

हँडरोल बार म्हणजे काय?

हँडरोलला जपानीत ‘तेमाकी’ म्हणतात. ‘ते’ म्हणजे हात आणि ‘माकी’ म्हणजे गुंडाळलेले. नोरीच्या अर्ध्या पत्र्यावर व्हिनेगर लावलेला कोमट भात, त्यावर मासा, खेकडा किंवा काकडी ठेवून हातानेच गुंडाळी करायची आणि हातानेच खायची. जपानी घरांत हा एकत्र बसून खाण्याचा साधा प्रकार आहे. गेल्या दशकभरात लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कसारख्या शहरांत केवळ हँडरोल देणारे छोटे बार सुरू झाले. तिथे टेबलखुर्च्यांचा थाट नसतो. ग्राहक लांबलचक काउंटरभोवती बसतात आणि पलीकडे उभा असलेला आचारी एकेक रोल बनवून थेट हातात देतो.

सगळे रोल एकदम का देत नाहीत, याचे उत्तर नोरीत आहे. भाजलेला पापड हवा लागली की सादळतो, तशीच नोरी भाताचा ओलावा शोषून काही मिनिटांत चिवट होते. म्हणून रोल हातात पडला की लगेच खायचा. मासा बदलता येतो, भातातही थोडेफार इकडेतिकडे चालते. पण नोरी कुरकुरीत नसेल तर हँडरोलमध्ये राम राहत नाही.

नोरी नेमकी कशापासून बनते?

नोरी हे ‘पोर्फिरा’ आणि त्याच्या जवळच्या प्रजातींचे लाल वर्गातले शेवाळ आहे. समुद्रात त्याची पाती जांभळट-तपकिरी आणि अतिशय पातळ असतात. ती काढून, धुऊन, बारीक चिरून कागद बनवतात तशी चौकटीत पसरून वाळवतात. नेहमीचा पत्रा १९ बाय २१ सेंटिमीटरचा आणि वजनाला जेमतेम ३ ग्रॅम असतो. भाजल्यावर तो हिरवट होतो आणि कुरकुरीत लागतो.

एदो काळापासून, म्हणजे टोकियोचे नाव एदो होते तेव्हापासून, तिथल्या उपसागरात नोरीची शेती होत आली. शेतकरी शरद ऋतूत उथळ पाण्यात बांबूच्या फांद्या रोवत. काही आठवड्यांनी त्यांवर कोवळी पाती दिसू लागत. हिवाळाभर काढणी चाले आणि उन्हाळा आला की पाती नाहीशी होत. पुढच्या शरद ऋतूत ती पुन्हा उगवत. मधल्या काळात बी कुठे असते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे पेरणी माणसाच्या हातात नव्हती. फांद्या रोवायच्या आणि वाट पाहायची. पीक कधी भरघोस येई, कधी काहीच हाती लागत नसे. म्हणूनच नोरीला ‘नशिबाचे गवत’ असे नाव पडले होते.

१९४८ नंतर काय घडले?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या किनाऱ्यावर हे नशीब फिरले. वादळांचे तडाखे आणि किनाऱ्यालगतचे प्रदूषण यांमुळे १९४८ पासून पीक बुडू लागले. फांद्या आणि जाळ्या पाण्यात रिकाम्याच राहू लागल्या. आधीच अन्नटंचाई असलेल्या देशात हजारो कोळी कुटुंबांचे हिवाळ्याचे उत्पन्न गेले. उपाय करावा तरी कसा? मुळात बी येते कुठून, हेच माहीत नव्हते. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव इथे अपुरा पडत होता.

कॅथलीन ड्रू कोण होत्या?

कॅथलीन मेरी ड्रू यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, ली या गावी झाला. शाळा सॉल्सबरीत झाली. शिष्यवृत्ती मिळवून त्या वनस्पतिशास्त्र शिकायला मँचेस्टर विद्यापीठात गेल्या. १९२२ मध्ये त्या प्रथम श्रेणीत पदवीधर झाल्या, पुढच्याच वर्षी त्यांनी एमएस्सी केले. त्याच विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवूही लागल्या. विज्ञानाच्या वर्गात मुलीच मोजक्या असत, असा तो काळ होता.

त्यांचे लक्ष समुद्री शेवाळांकडे, विशेषतः लाल शेवाळांकडे लागले होते. १९२५ मध्ये कॉमनवेल्थ फेलोशिप मिळाल्यावर त्या अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन वर्षे राहिल्या. नमुने गोळा करण्यासाठी हवाईपर्यंत जाऊन आल्या.

लग्नामुळे नोकरी का गेली?

१९२८ मध्ये त्यांनी मँचेस्टरमध्येच अभियांत्रिकी शिकवणारे हेन्री राइट बेकर यांच्याशी लग्न केले. विवाहित स्त्रियांना नोकरीत ठेवायचे नाही, असे विद्यापीठाचे धोरण होते. त्यामुळे ड्रू-बेकर यांची अध्यापकाची नोकरी गेली. त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. पतीची नोकरी मात्र कायम राहिली.

असा नियम एकट्या मँचेस्टरचा नव्हता. ब्रिटनमध्ये शिक्षिका आणि सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना लग्नानंतर राजीनामा द्यावा लागणे नेहमीचे होते. नवरा कमावता असताना बायकोने पगाराची जागा कशाला अडवायची, असा त्यामागचा विचार. सरकारी सेवेतली ही बंदी उठायला १९४६ साल उजाडावे लागले.

ड्रू-बेकर यांनी संशोधन सोडले नाही. वनस्पतिशास्त्र विभागात त्या बिनपगारी संशोधक म्हणून काम करत राहिल्या. घरात दोन मुले होती. मँचेस्टर समुद्रकाठी नाही. त्यामुळे शेवाळ प्रयोगशाळेत जगवायचे तर भरती-ओहोटीचा आभास निर्माण करणे गरजेचे होते. तशी टाकी त्यांना पतीने बनवून दिली. १९३९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठानेच त्यांना डीएस्सी ही वरिष्ठ पदवी दिली. ज्या संस्थेने पगार थांबवला, तिनेच विद्वत्तेवर शिक्कामोर्तब केले.

शिंपल्यात त्यांना काय सापडले?

नोरीचे एक भावंड ब्रिटनच्या खडकांवरही वाढते. वेल्समध्ये ते तासन् तास शिजवून, लगदा करून, ओटच्या पिठात घोळवून तळतात. हेच पोर्फिरा ड्रू-बेकर यांच्या अभ्यासाचा विषय होते. त्यांना पडलेला प्रश्न जपानी शेतकऱ्यांच्याच प्रश्नासारखा होता : पाती बीजाणू सोडतात, पण ते बीजाणू पुढे जातात कुठे?

प्रयोगशाळेत त्यांनी हे बीजाणू वाढवले. त्यांतून पाती उगवली नाहीत, तर सूक्ष्म तंतू निघाले. मग या तंतूंना शिंपल्यांची कवचे दिली. तंतू कवच पोखरून आत शिरले, पसरले आणि कवचावर गुलाबी ठिपके उमटले. असे ठिपके शास्त्रज्ञांच्या परिचयाचे होते. शिंपल्यात राहणारे ते एक स्वतंत्र शेवाळ समजले जाई आणि १८९२ पासून त्याला ‘कॉन्कोसेलिस रोझिया’ असे वेगळे नावही होते.

ड्रू-बेकर यांनी दाखवले की, ही दोन शेवाळे नाहीतच. शिंपल्यातले गुलाबी तंतू आणि खडकावरची जांभळट पाती हे एकाच जिवाचे दोन अवतार आहेत. फुलपाखरू आणि सुरवंट वेगळे प्राणी नसतात, तसेच हे. १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जेमतेम दोन पानांचा हा मजकूर होता. त्यात जपानचा किंवा नोरीच्या शेतीचा विचार नव्हता. एका वनस्पतीचे जीवनचक्र समजून घेणे, एवढाच हेतू होता.

हा शोध जपानपर्यंत कसा पोहोचला?

क्यूशू विद्यापीठातले शैवालतज्ज्ञ सोकिची सेगावा यांना या संशोधनाचे मोल तत्काळ कळले. ब्रिटिश पोर्फिरा शिंपल्यात राहत असेल, तर जपानी नोरीही तिथेच सापडायला हवी. तपासल्यावर ते खरे निघाले. उन्हाळ्यात नाहीसे होणारे बी समुद्रतळाच्या शिंपल्यांत दडलेले होते. शिंपले नसतील, तर पुढच्या वर्षी नोरी कुठून येणार? शरद ऋतूत तंतूंमधून सुटणारे बीजाणूच जाळ्यांना चिकटून पाती होतात, हे उरलेले चक्र जपानी संशोधकांनी पूर्ण उलगडले.

प्रयोगशाळेतली गोष्ट शेतात उतरवण्याचे काम कुमामोतो प्रांताच्या मत्स्य संशोधन केंद्रातल्या फुसाओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. शिंपल्यांवर मुद्दाम बीजाणू सोडून, त्यांतून जाळ्यांवर पेरणी करण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात यशस्वी झाली. ती एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पसरत गेली. नशिबाच्या गवताची आता शेती झाली होती.

आज नोरीची पेरणी कशी होते?

मूळ तत्त्व आजही तेच आहे. वसंत ऋतूत टाक्यांमध्ये ठेवलेल्या कालवांच्या शिंपल्यांवर बीजाणू सोडले जातात. उन्हाळाभर तंतू शिंपल्यांत वाढतात आणि शिंपले काळपट दिसू लागतात. शरद ऋतूत पाणी थंड होते, दिवस लहान होतो आणि नवे बीजाणू बाहेर पडतात. चाकावर गुंडाळलेल्या जाळ्या त्या पाण्यातून फिरवल्या की बीजाणू दोऱ्यांना चिकटतात. मग जाळ्या समुद्रात ताणून बांधल्या जातात. काही जाळ्या शीतगृहात राखून ठेवतात, म्हणजे पहिले पीक बिघडले तरी दुसरे घेता येते.

नोरी पूर्वी महाग होती. या पद्धतीमुळे उत्पादन अनेक पटींनी वाढले. कोरिया आणि चीनमध्येही पोर्फिरा वर्गातल्या शेवाळांची मोठी शेती होते, तीही याच ज्ञानावर. आज कोणत्याही शहरात हँडरोल बार निघू शकतो, याचे एक कारण हे.

ड्रू-बेकर यांना काय मिळाले?

पैशाच्या रूपात काहीच नाही. शोधाचे पेटंट घेतलेले नव्हते. निबंध सर्वांसाठी खुला होता. ब्रिटनमधल्या शैवालतज्ज्ञांनी १९५२ मध्ये ‘ब्रिटिश फायकॉलॉजिकल सोसायटी’ स्थापन केली. तिच्या संस्थापकांत त्या होत्या आणि पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. संशोधन चालू असतानाच १४ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. जपानला त्या कधीही गेल्या नव्हत्या. त्यांच्या दोन पानांनी तिथे किती चुली पेटत्या ठेवल्या, हे पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

जपानचे शेतकरी मात्र विसरले नाहीत. त्यांनी वर्गणी काढली आणि १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे, आरिआके समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवर त्यांचे स्मारक उभारले. दरवर्षी १४ एप्रिलला नोरी उत्पादक तिथे जमतात आणि ‘समुद्राच्या माते’ला वंदन करतात.

नोरीवर पुन्हा संकट आहे का?

आहे. समुद्राचे पाणी तापते आहे. शरद ऋतूत ते उशिरा थंड होत असल्याने पेरणी लांबते आणि हंगाम आखूड होतो. ज्या आरिआके समुद्रावर हे स्मारक पाहते, तिथेच २०२२-२३ च्या हंगामात पीक मोठ्या प्रमाणात बुडाले. त्या हंगामात देशाचे उत्पादन अर्धशतकात पहिल्यांदाच ५०० कोटी पत्र्यांच्या खाली गेले आणि भाव चढले. उष्णतेत तग धरणारे वाण शोधण्याचे काम जपानमध्ये सुरू आहे, आणि त्याची सुरुवातही शिंपल्यांतल्या तंतूंपासूनच होते.

पोर्फिराचा एक प्रकार कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही आहे. पावसाळ्यात लाटांच्या माऱ्यातल्या कातळांवर त्याची पाती दिसतात आणि पाऊस सरला की नाहीशी होतात. ती जातात कुठे, असा प्रश्न पडला तर उत्तर शोधण्याची दिशा ड्रू-बेकर यांनी दाखवून ठेवली आहे.

या कहाणीतून काय दिसते?

ड्रू-बेकर यांच्याकडे पतीने बनवलेली टाकी होती, विभागात बसायला जागा होती आणि बिनपगारी काम परवडेल अशी घरची परिस्थिती होती. म्हणून त्या टिकल्या. लग्नानंतर नोकरी गेलेल्या किती जणींकडे यातले काहीच नव्हते, त्यांचे कोणते शोध लागायचे राहून गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. शिवाय, ज्या संशोधनाचा उपयोग काय असे विचारले गेले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते, त्याच संशोधनाने एका देशाचे पीक वाचवले. काउंटरवर हातात पडणारा हँडरोल दोन-तीन घासांत संपतो. त्यातल्या कुरकुरीतपणामागे एका बाईने पगाराविना केलेली अनेक वर्षांची मेहनत आहे.