डॉ. वसंत रामजी खानोलकर

नंदुरबारास 2020 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लाभले, तेव्हा आम्हांस या थोर आचार्यांचे स्मरण झाले. खानोलकरांचा जन्म 1895 साली क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी 1923 साली संपादून ते मुंबईस आले, आणि ग्रँट व पुढे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी तेच शास्त्र शिकविले.

हे शास्त्र पुष्कळ अंशी मृतापाशीच शिकावे लागते. पादुआच्या मोर्गान्यींनी 1761 साली शेकडो शवपरीक्षांवरून रोगाचे मूळ अवयवांत दाखविले. निवासी डॉक्टरानेही मृताचे हृदय, फुप्फुसे, यकृत तोलून व छेदून आपले निदान खरे ठरले की चुकले, हे पाहावयाचे असते. स्वतःची चूक अशी हातात घेणे सोपे नव्हे! पोलिसांकडील शवपरीक्षा निराळी. ही नातलगांच्या संमतीनेच होते. ख्रिस्तसभेची तीस मनाई नाही, तरी शोकाकुल घरी संमती मागणे किती अवघड, हे अंत्यविधीस जाणाऱ्या आम्हांस ठाऊक आहे. नकार देणाऱ्यांस आम्हांस दोष देववत नाही.

1941 साली मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय निघाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहून खानोलकरांनी तंबाखू चघळण्याचा व मुखाच्या कर्करोगाचा संबंध अभ्यासिला. कुष्ठरोगावरही संशोधन केले. 1978 साली ते निवर्तले.